मनाई नाही, नाव नाही

रविवारी सकाळी पावणेआठला मी टॉवेलानं कान पुसत बाथरूममधून बाहेर आलो, तेव्हा आई स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्यापुढे उभी होती. हातात रिकामा पेला, भांड्यावर झाकण. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला बघून तिनं पेला किंचित वर उचलला, वर्गात एखादं मूल बोट वर करतं तसा, आणि विचारलं, "पाणी घेऊ का रे?" मी म्हणालो, "घे ना." तिनं घेतलं, प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि आपल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. पलंग चांगला साडेतीन फूट रुंद आहे. आई त्यातले नऊ इंच वापरते. मी बूट चढवले, "अकरापर्यंत येतोच" असं दाराला सांगितल्यासारखं सांगितलं आणि निघालो. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईला तहान लागली होती, आणि ती माझी आंघोळ संपायची वाट बघत उभी होती. लिफ्ट थांबवून वर जावं असं मनात आलं. पण लिफ्टला एकदा तळमजला सांगितला की ती ऐकत नाही, आणि मीही अशा वेळी लिफ्टच्या बाजूनं असतो.

गोष्ट अशी होती की आईला माझ्याकडे येऊन त्या दिवशी तीन आठवडे पुरे होत होते. जुनं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. मालकाला इमारत पाडायची होती. ताईचं आणि माझं ठरलं, तीन आठवडे माझ्याकडे ठेवून बघायचं. रमली तर राहील, नाही तर ताई आपल्या गावी नेईल. तिचं गाव गाडीनं अडीच तासांवर. ताई चार वाजता येणार होती. आदल्या दिवशी फोनवर तिनं मला बजावलं होतं, "मुक्या, नीट ऐक. तिला काही नको आहे. तू फक्त तिला एकदा 'राहा' म्हण. तोंडानं म्हण. मी यायच्या आत म्हण. म्हणाला नाहीस तर मी घेऊन जाईन, मग माझ्या नावानं बोटं मोडत बसू नकोस." मुक्या हे माझं घरातलं नाव. वय चोपन्न झालं म्हणून घरच्या नावात सूट मिळत नाही. मी म्हणालो, "म्हणतो." आई राहावी असं मला वाटत होतं. इतकं वाटत होतं की तिकडे नीट वळून बघायचीही मला भीती वाटे, दुखऱ्या दाताला जीभ लावायला वाटते तशी. पण सकाळी आंघोळीनंतर लगेच म्हणायचं ते वाक्य नव्हे. त्याला जरा निवांतपणा हवा. म्हणून मी ते अकरा वाजता ठेवलं.

मी डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात डेटाबेस सांभाळतो. म्हणजे नक्की काय करतो, हे मी आईला बऱ्याचदा समजावलं, शेवटी एकदा तिनंच कुणाला तरी सांगताना ऐकलं, "तो दवाखान्यातल्या नोंदी जागच्या जागी ठेवतो." याहून चांगली व्याख्या मला आमच्या पुस्तकांत सापडलेली नाही. माझ्या हुद्द्याची इंग्रजी अक्षरं तीन आहेत, डी, बी, ए. ती उच्चारायचा कंटाळा येऊन सगळं हॉस्पिटल मला डबा म्हणतं. डबा आला, डब्याला विचारा, डबा रजेवर आहे. माझी हरकत नाही. डब्याला फारसं बोलावं लागत नाही. तर नोंदींची जुनी डिस्क गच्च भरली होती. शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर मी सर्व्हर थांबवला, सगळ्या फाइली नव्या मोठ्या डिस्कवर पाठवायला लावल्या आणि घरी गेलो. रविवारी सकाळी यायचं, सर्व्हरला नवा पत्ता सांगायचा, 'सुरू हो' म्हणायचं, तो होणार, दहा मिनिटांचं काम. सोमवारी आठला पहिला रुग्ण खिडकीशी येतो तेव्हा त्याच्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हे खिडकीतल्या बाईंना कळलं पाहिजे. हे कळणं बरं असतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला अडवलं. गेली सहा वर्षं तो मला रोज बघतो. माझ्या छत्रीची मूठ मोडली तेव्हा त्यानंच तार बांधून दिली होती. त्यानं यादी काढली, बोट वरून खाली नेलं, पुन्हा खालून वर आणलं. "साहेब, तुमचं नाव नाही." मी म्हणालो, "अहो, मी रोज येतो." "रोज येता ना. रोजच्या यादीत आहे तुमचं नाव. ही रविवारची." "मला रविवारी यायला मनाई आहे का?" त्याला हा प्रश्न फार बाळबोध वाटला असावा. "मनाई कशाला असेल हो? मनाई नाही. नाव नाही." "मग आता?" "आता साहेबांचा फोन आला की लिहितो. एकदा लिहिलं की तुम्ही आत राहायला आलात तरी मी विचारणार नाही." मी आमच्या साहेबांना फोन केला. त्यांना आम्ही तातडी म्हणतो, कारण त्यांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तोच शब्द असतो, सहलीच्या पत्राच्यासुद्धा. तातडीनं पहारेकऱ्याला सांगितलं, पहारेकऱ्यानं माझं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ ओढली आणि मला सलाम ठोकला.

रविवारी हॉस्पिटल ही वेगळीच वस्तू असते. कॉरिडॉरमधल्या खुर्च्या एकमेकींना खेटून, तपासणीच्या खोल्यांची दारं अर्धवट उघडी, आणि प्रत्येक खोलीत समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर मोठं, खालची बारीक होत जाणारी. ती सगळी अक्षरं कुणाच्याही नजरेशिवाय नुसती टांगलेली. माझी खोली टोकाला, बिनखिडकीची, एसीनं गारठलेली. तिथे मी स्वेटर घालून बसतो, उन्हाळ्यातही. मी सर्व्हरला नवा पत्ता दिला आणि सुरू हो म्हणालो. तो दोन सेकंद घुटमळला आणि बंद पडला. काय झालं ते सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. ती त्याची रोजनिशी. मी ती उघडली. शेवटची ओळ होती: फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही. एरवी अशी ओळ वाचून मला हुशारी येते, सुताराला रंधा दिसल्यावर येत असेल तशी. त्या दिवशी मात्र तिच्याकडे बघताना मला आईच्या हातातला रिकामा पेला दिसला. मी स्वेटरची बटणं लावली.

पहिली चूक लगेच सापडली, आणि ती माझीच होती. संगणकात एक सर्वाधिकारी खातं असतं, त्याला कुठेही मज्जाव नाही. घाईच्या वेळी आम्ही त्या खात्यातून कामं उरकतो. काही अडत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. पण त्या हातानं जे जे हलवावं, त्यावर मालक म्हणून त्याचंच नाव चढतं. डेटाबेस सर्व्हर बिचारा आपल्या साध्या नावानं चालतो. काल मी सगळ्या फाइली सर्वाधिकाऱ्याच्या हातानं हलवल्या होत्या. एकही फाइल गहाळ नव्हती, एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. फक्त ज्याचा हा सगळा संसार, त्याच्या नावावर त्यातलं काहीच उरलं नव्हतं. मालकी पूर्ववत करायला एक ओळ लागते. मी ती लिहिली, सर्व्हरला पुन्हा उठवलं. दोन सेकंद. तीच ओळ. परवानगी नाही. एवढ्यात तातडीचा फोन आला, "किती वेळ?" मी म्हणालो, "दहा मिनिटं." आमच्या धंद्यात दहा मिनिटं हे वेळेचं माप नाही. तो एक प्रकारचा नमस्कार आहे.

आईचं घरही मी असंच हलवलं होतं. माझ्या इतक्या चोख कामाचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. तिच्या खोलीतल्या प्रत्येक फळीचा मी आधी फोटो काढला, खोक्यांवर आकडे घातले. एकशे बारा वस्तू तिथून निघाल्या, एकशे बारा इथे पोचल्या. पलंगाच्या डाव्या हाताला कपाट, कपाटावर शिवणाचा डबा, डब्याशेजारी औषधं, भिंतीवर आरसा तिच्या उंचीला, रेडिओ खिडकीकडे कान करून. आईला सगळं लागल्यावरच आणायचं असं मी ठरवलं होतं. उगाच तिची दगदग नको. ती आली, दारात उभी राहिली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिनं बघितलं आणि म्हणाली, "अगदी तस्संच आहे." मी ही शाबासकी समजलो. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं विचारलं, "पंखा लावू का?" मी म्हणालो, "लाव ना." दुसऱ्या दिवशी विचारलं, "खिडकी उघडू का?" "उघड ना." "रेडिओ लावला तर चालेल?" "चालेल." मी एकदाही नाही म्हणालो नाही. तीन आठवड्यांत मी तिला सुट्या सुट्या इतक्या परवानग्या दिल्या की त्यांवर एखादं लहानसं राज्य चाललं असतं. आणि रोज सकाळी ती पुन्हा नव्यानं विचारायची. आमच्याकडे अशा गोष्टीला दोष म्हणतात आणि तो कुठून येतो ते शोधतात. घरी मी त्याला आईचा स्वभाव म्हटलं आणि पुढचा चहा घेतला.

वास्तविक आई अशी नव्हती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आठ तास कानाला यंत्र लावून जगाला जगाशी जोडून द्यायची. तिचा तिथला आवाज मी एकदाच ऐकला, शाळेतून ताप येऊन मला तिच्या ऑफिसात नेऊन बसवलं होतं तेव्हा. गोल, उबदार, घाई नसलेला आवाज. "थांबा हं, जोडते." मला वाटलं होतं, ही दुसरीच कुणी बाई आहे आणि ही आपली आई असती तर किती बरं झालं असतं. कारण घरी येईपर्यंत तो आवाज संपलेला असायचा. वडील लवकर गेले होते. आई यायची, चपला काढायची आणि हातानंच खूण करायची: जेवलात? अभ्यास? ताई सात वर्षांनी मोठी, ती तरी चुलीपाशी कुजबुजून बोलायची. मी शिकलो की आईवर माया असेल तर गप्प बसावं. मी इतका गप्प बसलो की पाहुणे विचारत, "हा बोलत नाही का अजून?" तेव्हा मी पाचवीत होतो. पुढे माझं लग्न झालं. चार वर्षं टिकलं. जाताना बायको रागावली नव्हती, दमली होती. म्हणाली, "तुझ्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात." त्यानंतरची अठरा वर्षं मी फ्लॅटमध्ये एकटा राहिलो, आणि तिथली शांतता मी आई घरी आहे अशा थाटात पाळली.

एक वाजता फोन वाजला. घरचा नंबर. आई फोनवरही आता हळूच बोलते, शेजारी कुणी निजलं असल्यासारखं. "काम झालं का रे?" "होतंय. दहा मिनिटं." "जेवायला येतोस ना?" "तू जेवून घे." "घेऊ?" "घे ना, आई." मी पडद्याकडे बघत होतो. फोल्डरच्या वरच्या फोल्डरचंही दार बंद असू शकतं हे मला नुकतंच सुचलं होतं, आणि तसं ते होतंही. ती म्हणाली, "ताई चारला येते आहे." "हो." "बॅग भरून ठेवू का?" इथे वाक्य होतं. अकरा वाजताचं, दोन तास उशिरा का होईना, आपल्या पायांनी चालत दारात आलेलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण मला वाटलं, मी राहा म्हणालो आणि तिला जायचं असलं तर? माझ्यासाठी म्हणून ती राहील, आणि जन्मभर पलंगाच्या कडेवर बसेल. माणसाच्या भित्रेपणाला चांगले कपडे घातले की तो समंजसपणासारखा दिसतो. मी म्हणालो, "तुला वाटेल तसं कर." "बरं," आई म्हणाली. आणि फोन ठेवण्याआधी, "जास्त वेळ थंडीत बसू नकोस." मी ते वरचं दार उघडलं, सर्व्हरला उठवलं. दोन सेकंद. परवानगी नाही.

पुढचे तीन तास मी काय केलं याचा नीट हिशेब देता येणार नाही. अशा कामात एक अवस्था येते, जेव्हा सगळं बरोबर असतं आणि काहीही चालत नाही. मालक बरोबर, दारं उघडी, पत्ता बरोबर, फाइली धडधाकट. मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा, पहिल्या दोन वेळी मी माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून. मधेच पाय मोकळे करायला बाहेर आलो आणि एका तपासणीच्या खोलीत रुग्णाच्या खुर्चीवर बसून समोरचा तक्ता वाचू लागलो. पाचव्या ओळीपर्यंत आलो. सहावी ओळ धूसर होती. ती वाचून दाखवायला कुणीतरी "आता पुढची" म्हणावं लागतं, असं माझ्या लक्षात आलं. एकट्यानं तक्ता वाचणाऱ्याची नजर नेहमी पाचव्या ओळीपर्यंतच चांगली असते. फाइली जुन्या डिस्कवर परत नेता आल्या असत्या. पण तिथली जागा मी सकाळीच मोठ्या आत्मविश्वासानं पुसून टाकली होती. जुनं घर पाडलेलं होतं. परतीचा रस्ता असतो तेव्हा माणूस पुढच्या रस्त्यावर नीट चालतो. मी तर दोन्हीकडे तो ठेवला नव्हता.

चार वाजून पाच मिनिटांनी ताईचा फोन आला. "मुक्या, कुठे आहेस?" "ऑफिसात. सर्व्हर सुरू होत नाहीये." "बॅग भरून बसली आहे ही. चपला घालून बसली आहे. म्हणालास का तिला काही?" "म्हणालो, तुला वाटेल तसं कर." फोनमध्ये ताईचा श्वास ऐकू आला. ती उठून गॅलरीत गेली असावी, कारण मागचा आवाज बदलला. "तुला एक विचारू? ही तीन आठवड्यांत एकदा तरी खाली उतरली आहे का?" "नाही. तिला आवडत नाही इथलं खाली." "कोण म्हणालं?" "मला वाटलं." "तुझं दार ओढलं की आपोआप लागतं. बरोबर?" "हो." "चाव्या किती आहेत?" एक होती. ती माझ्या खिशात होती. घर घेतलं तेव्हा तीन होत्या. बाकीच्या दोन कुठे गेल्या ते आठवत नाही. एकट्या माणसाला एक पुरते. ताई म्हणाली, "समोरच्या बागेत जायचं होतं तिला. पण तू कामावर, दार लागलं तर परत आत कशी येणार? तेवढ्यासाठी तुला त्रास कशाला, म्हणाली." "ताई, मी तिला कधी अडवलं नाही गं." "अडवलं नाहीस रे बाबा. कुणी म्हणतंय का अडवलंस? पण हे तुझं आहे, कर काय करायचं ते, असं कधी म्हणालास? न अडवणं म्हणजे बोलावणं का?" मग जरा मऊ होऊन, "साडेचारपर्यंत थांबते. तिला अंधारात गाडीचा त्रास होतो. ये आता."

इथे मला जे झालं ते मी लपवणार नाही. बहिणीनं माझ्या जन्माची चूक माझ्या पदरात घातली, आणि मला पहिल्यांदा आठवला तो सर्व्हर. मनाई नाही, नाव नाही. या यंत्रात फाइलींच्या मालकीपलीकडे आणखी एक पहारेकरी असतो. सुरक्षेसाठी नेमलेला, अदृश्य, त्याच्याजवळ यादी. कोणत्या सर्व्हरनं कोणत्या पत्त्यावर जावं ते त्यात लिहिलेलं. यादीत जुना पत्ता होता. नवा कुणी लिहिलाच नव्हता. त्यानं माझ्या सर्व्हरला हाकललं नव्हतं, त्याच्याशी त्याचं वाकडं नव्हतं. पण जे लिहिलेलं नाही ते नाहीच, हा त्याचा धर्म. हा नियम मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. फळ्यावर लिहून दाखवतो: परवानगी गप्प राहून मिळत नाही, ती द्यावी लागते. मी यादीत नवा पत्ता लिहिला. पहारेकऱ्याला यादी पुन्हा वाचायला लावली. सर्व्हरला म्हटलं, सुरू हो. दोन सेकंद गेले. तीन गेले. चौथ्या सेकंदाला रोजनिशीत ओळ उमटली, जोडणीसाठी तयार आहे. मी चाचणी म्हणून एक नोंद मागवली. कुणा आजोबांचा उजवा डोळा आला, मोतीबिंदू, सोमवार, साडेनऊ. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी त्या गार खोलीत उभा राहिलो आणि हे कुणाला सांगावं असा विचार केला. तातडीला निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं, "ठीक." फाटकावर पहारेकऱ्याला सांगितलं, "झालं काम." तो म्हणाला, "होणारच की साहेब. एकदा आत गेल्यावर काय अवघड आहे?"

घर तिथून चालत दहा मिनिटांवर. खऱ्या दहा मिनिटांवर. सरळ गेलो असतो तर साडेचारला ताईच्या गाडीच्या पुढ्यात उभा राहिलो असतो. पण उभं राहून काय करायचं होतं? बोलायचं होतं. आणि वाटेत, बंद दुकानांच्या रांगेत, जिन्याखाली चावीवाला बसलेला दिसला. मला एकदम सुटल्यासारखं झालं. चावी न्यावी. हातात ठेवावी. मग काही म्हणायलाच नको, चावीच सगळं म्हणेल. त्याच्यापुढे दोघं जण होते. एक बाई आपल्या कपाटाच्या कुलपाची सविस्तर कुळकथा सांगत होत्या. चावीवाल्याला ती ऐकायला आवडत होती. माझी पाळी आली तेव्हा त्यानं चावी डोळ्याजवळ नेली. "झिजली आहे. एकच वापरता?" "हो." "कुणासाठी करताय?" "आईसाठी." "गावाहून येणार आहेत?" "आल्यात." "कधी?" "तीन आठवडे झाले." त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आणि चाक जोरात फिरवलं. ठिणग्या उडाल्या. मग त्यानं कानशीनं दात घासले, फुंकर मारली, पुन्हा घासले. "घाई करून चालत नाही," तो म्हणाला, "नाही तर आत जाते आणि फिरत नाही."

मी पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. खाली ताई गाडी लावते तिथे दुसरीच गाडी लागली होती. वर गेलो, दार ओढलेलं होतं. नवी चावी घातली, फिरली. घरात काही अस्ताव्यस्त नव्हतं. स्वयंपाकघर पुसलेलं, ताटली पालथी. आईच्या खोलीत एकशे बारा वस्तूंपैकी बॅग आणि औषधं तेवढी कमी. कपाट, आरसा, शिवणाचा डबा, रेडिओ, सगळं जागच्या जागी, माझ्या फोटोत होतं तस्सं. ती खोली कुणी वापरली होती असं वाटत नव्हतं. पलंगाच्या कडेला चादर दबलेली होती, नऊ इंच. मी तिथे बसलो. मग उठलो, कारण ती जागा मोडेल असं वाटलं. दोन्ही चाव्या माझ्या हातात होत्या आणि नवी अजून कोमट होती. मी ताईचा नंबर लावला.

आईनं उचलला. "ताई चालवते आहे रे. बोल."

"आई, चावी केली."

"बरं केलंस. एकच असू नये. हरवली म्हणजे पंचाईत."

"तुझ्यासाठी केली."

गाडीचा घरघराट ऐकू येत राहिला. मग आई म्हणाली, "अरे, मग सांगायचं नाही का?" रागावून नाही, आत्ताच गेलेल्या गाडीबद्दल फलाटावरची माणसं सांगतात तसं.

"तू काही बोलतच नव्हतीस."

"मला वाटलं तुला शांत लागतं. डोक्याचं काम तुझं."

"मला वाटलं तुला लागतं."

"मला? मला कशाला? आठ तास लोकांशी बोलून गळा बसायचा म्हणून गप्प असायची मी. त्याला तीस वर्षं झाली. आता काय बसतोय गळा!" आणि ती हसली. मागून ताईचा आवाज आला, "काय म्हणतोय?"

मी खोलीच्या मधोमध उभा होतो. "आई, परत फिरा."

"आता पूल ओलांडला आम्ही," आई म्हणाली. मग फोनपासून तोंड फिरवून, "परत फिरा म्हणतोय." ताई म्हणाली, "कशाला ते विचार. काही विसरलंय का? नुसतं परत फिरा म्हणजे काय?" आईनं विचारलं, "कशाला रे?"

खिडकी बंद होती. बाहेर बागेत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मी कारणं शोधली आणि मला पुष्कळ सापडली: उशीर झाला आहे, रस्ता खराब आहे, तुझं सामान इथेच आहे. सगळी बरोबर होती. त्यांच्याआड उरलेलं वाक्य चोपन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं; ते तीन-चार वर्षांच्या मापाचं होतं, आणि त्या वयात माझं म्हणायचं राहून गेलं होतं.

"मला तू हवी आहेस," मी म्हणालो. "इथे. मला करमत नाही."

या वेळी ताईनं 'काय म्हणतोय' असं विचारलं नाही, म्हणजे आईनं मधेच फोनचा आवाज मोठा केला असणार. मी ऐकत राहिलो. घरघर कमी झाली. मग पलीकडून टिक, टिक, टिक असा आवाज येऊ लागला. गाडी वळायची असली की येतो तो. वळण परतीचं होतं की फक्त रस्त्याच्या कडेला थांबायचं, ते फोनवरून कळत नाही.